‘काही नाही, घरीच असते’
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल. कामधंद्याच्या बाजारात बायकांच्या वाटेत जे अडसर असतात, त्यांचा देशाच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, असा तो विषय आहे. पण तो समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. मला तरी हार्बर लाइनवर गोवंडीला उतरलं की पुरतं.

स्टेशनच्या एका अंगाला देवनार. तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. देशभरातल्या कुटुंबांची आरोग्य पाहणी जिथून चालते, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही तिथेच आहे. दुसऱ्या अंगाला शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड. २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला, त्यात हा एम पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन या वस्तीत घरोघर पाहणी करायला गेलो होतो. एका दारात एक बाई बसली होती. मांडीवर ओढणी, हातात सुई, समोर वाटीत चमचमणारे खडे. माझ्या विद्यार्थ्याने फॉर्मवरचा प्रश्न वाचला, ‘‘ताई, तुम्ही काय काम करता?’’ तिने वर न बघताच सांगितलं, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ आणि पुढचा खडा लावला. विद्यार्थ्याने फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं आणि तो पुढच्या दाराकडे वळला. मी त्याला थांबवलं. त्या एका शब्दात देशाच्या हिशेबातून काय गळालं, ते आज आपल्याला सांगायचं आहे.

राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय, हे आधी थोडक्यात बघू. वर्षभरात देशात ज्या वस्तू आणि सेवा नव्याने तयार झाल्या, त्यांच्या किमतीची बेरीज म्हणजे, ढोबळमानाने, राष्ट्रीय उत्पन्न. पैसा नुसता या हातातून त्या हातात गेला, तर ते उत्पन्न होत नाही. २०२४ मध्ये आपल्या राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिना पंधराशे रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले. त्या पैशाचं घरात मोल आहे, बाईच्या शब्दाला त्याने वजन येतं, हे मी नाकारत नाही. पण हिशेबाच्या भाषेत ते हस्तांतरण आहे, उत्पादन नव्हे. उत्पादन बाईच्या हातून होतं, आणि तिथेच खरी मेख आहे.

गिरणगावातल्या खानावळींचं उदाहरण घ्या. कोकणातून, देशावरून आलेल्या गिरणी कामगारांना परळ-लालबागच्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. आता बघा, बाईने एकाच तव्यावर दहा चपात्या केल्या. आठ खानावळीच्या डब्यांत गेल्या, दोन नवऱ्याच्या ताटात. आठ चपात्यांचं मोल राष्ट्रीय उत्पन्नात येतं, घरातल्या दोन चपात्यांची मजुरी येत नाही. पीठ तेच, विस्तव तोच, घामही तोच. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हीच विसंगती दाखवली होती. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर काम तेवढंच राहतं, पण राष्ट्रीय उत्पन्न घटतं!

किती काम असं हिशेबाबाहेर राहतं? केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी २०२४ साली झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्तच. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं, दीड तासाच्या आत. मुलाबाळांची, म्हाताऱ्या माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाई घराबाहेर कामाला लागली की तिचा सगळा पगार राष्ट्रीय उत्पन्नात वाढ म्हणून दिसतो, पण घरचं जे काम मागे पडलं त्याची वजाबाकी कुठेच होत नाही. त्यामुळे ‘सगळ्या बायका कामाला लागल्या तर उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढेल’ असे मोठाले आकडे ऐकले की मी थोडा हात राखूनच विश्वास ठेवतो. पण आकडा लहान केला तरी तोटा शून्य होत नाही. तो तीन वाटांनी होतो.

पहिली वाट सरळ आहे. ज्या हातांना काम करायचं आहे, त्यांना ते करता येत नाही. देशात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये अवघ्या २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्क्यांवर आलं. वाढ मोठी आहे, पण त्याच वर्षी पुरुषांचं प्रमाण ७८.८ टक्के होतं. शहरांतल्या स्त्रियांचं तर २८ टक्केच. शिवाय कामावर असलेल्या बायकांपैकी दोनतृतीयांश ‘स्वयंरोजगारी’ आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस आहेत. म्हणजे मोजणीत बाई आली, पण तिच्या हातात पैसा आलाच असं नाही.

दुसरी वाट गर्दीची. बायकांना चारच दारं उघडी असली तर सगळ्या त्याच दारांत गर्दी करतात. घरकाम, खडे लावणं, कपड्यांचे धागे कापणं, कचरा वेचणं. हात फार झाले की दर पडतो. त्या ओढणीवालीचाच हिशेब करू. आकडे माझे, निव्वळ समजण्यापुरते. समजा, घरी बसून पाच तासांत तिला नगामागे मिळून १०० रुपये सुटतात. तेच पाच तास एखाद्या शिलाई कारखान्यात मशीनवर बसली तर ३०० मिळतील. मजुरी हे उत्पादनाचं माप धरलं, तर रोजचा तोटा २०० रुपयांचा. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर ५० हजार. अशा दहा हजार बायका धरल्या तर वर्षाला ५० कोटी!

मग ती कारखान्यात का जात नाही? कारण घरी दोन वर्षांचं मूल आहे. समजा, पाळणाघराला रोजचे ६० रुपये पडतात. तरीही १४० उरतात. पण पाळणाघर असेल तर ना! अंगणवाडी आहे, १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची, आणि तिथली शाळापूर्व वर्गाची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. सहा महिन्यांचं पोर कुणाकडे ठेवायचं? म्हणजे ६० रुपयांच्या सोयीअभावी २०० रुपयांचं उत्पादन बुडतं. अशा धंद्यात कोणता शहाणा व्यापारी राहील? देश मात्र राहतो.

आणि नुसतं मूलच नव्हे, अंतरही आडवं येतं. २००० नंतरच्या दशकात रेल्वे रुळांलगतच्या आणि इतर झोपड्यांतली हजारो कुटुंबं मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत आली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, ही मोठीच गोष्ट. पण ज्या बायका पायी जाऊन चार घरची धुणीभांडी करत होत्या, त्यांना तीच घरं लोकलच्या अंतरावर गेली. पुरुषाने लांबचं काम धरलं तर लोक म्हणतात, कष्टाळू आहे. बाईने धरलं तर विचारतात, मुलांचं काय? अनेकींची कामं सुटली. घर मिळालं, कमाई गेली.

तिसरी वाट मला सर्वांत जास्त सलते. ती गुणांच्या नासाडीची. देवाने, निसर्गाने म्हणा हवं तर, बुद्धी वाटताना मुलगा-मुलगी पाहिलेलं नाही. मग निम्म्या लोकांना दाराबाहेर ठेवून डॉक्टर, इंजिनिअर, कारागीर, मुनीम निवडले, तर निवड सुमारच होणार. अमेरिकेत १९६० साली डॉक्टर आणि वकील यांत ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं. २०१९ साली चार अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की त्या पन्नास वर्षांत तिथल्या दरडोई उत्पादनात जी वाढ झाली, तिचा २० ते ४० टक्के वाटा स्त्रियांना आणि काळ्या लोकांना त्यांच्या गुणांप्रमाणे काम मिळू लागलं यातून आला.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचंच आहे. रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्याचा हुकूम कोर्टाने दिला होता. त्या नमल्या नाहीत. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे सुमारे पस्तीस वर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. तो हुकूम त्यांनी मानला असता तर देशाच्या हिशेबात काय कमी झालं असतं, हे कुणालाच कळलं नसतं. न घडलेल्या डॉक्टरची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं समाजाचं झालं, कायदा तर बायकांच्या बाजूने आहे. इथे आपल्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. एके काळी मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत तर त्याच जास्त. बाळंतपणात मजुरी बुडू नये म्हणून मुंबई इलाख्याने १९२९ साली देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मर्माचा मुद्दा मांडला होता. बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचं हित आहे, तेव्हा तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलायला हवा. मालकाचीही जबाबदारी आहेच, पण ती सगळी त्याची नाही.

कायद्याने भार मात्र मालकावर टाकला. मालकाने साधा हिशेब केला. बाई ठेवली तर बाळंतपणाचा खर्च, रात्रपाळीला तर कायद्याने बंदी, शिवाय बायकांच्या खात्यांत नवी यंत्रं येत होती. बायका कमी होत गेल्या आणि गिरण्यांच्या अखेरच्या काळात बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. कायद्याचा हेतू चांगला होता. पण रक्षणाचा खर्च जिचं रक्षण करायचं तिच्याच नोकरीवर पडला.

रात्रीच्या कामाचंही तसंच. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्यातच कामाची मुभा होती. महाराष्ट्राने कारखान्यांसाठी २०१५ मध्ये आणि दुकानांसाठी २०१७ मध्ये ही बंदी अटींवर सैल केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर देशभर रात्रपाळी खुली केली. कागदावरचा अडसर निघाला. आता रात्री बारा वाजता स्टेशनपासून घरापर्यंतच्या गल्लीत दिवा आहे का, हा प्रश्न उरला. तो कायद्याच्या पुस्तकात सुटणारा नाही.

बाळंतपणाची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. पण पगाराचा भार पुन्हा त्या एकट्या मालकावर, आणि मालकाचा हिशेब शंभर वर्षांत बदललेला नाही. यावर तोडगा आपल्याच देशात आहे. कामगार राज्य विमा योजनेत मालक पुरुष कामगारामागेही तेवढ्याच दराने वर्गणी भरतो आणि बाळंतपणाचा लाभ त्या सामाईक निधीतून मिळतो. त्यामुळे बाई ठेवली म्हणून जादा भुर्दंड नाही. हीच रीत सर्वांना लागू करता येईल. बाबासाहेबांचा मुद्दा तोच होता.

अडसर काढले तर काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम गावाजवळ, मजुरी कामाच्या मापाने, बाई आणि पुरुष असा दरात फरक नाही, आणि कामाच्या जागी लहान पोरांच्या सांभाळाची तरतूद. सगळीकडे सगळं नीट झालं असं नाही. पण बायका कामाला आल्या, मोठ्या संख्येने आल्या. ‘आमच्या बायका बाहेर कामाला जात नाहीत’ असं सांगणाऱ्या घरांतूनही आल्या. म्हणजे अडचण बायकांच्या इच्छेत नव्हती. ती अंतरात, दरात आणि पाळण्यात होती.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. बायका आल्या तर पुरुषांची कामं जातील ना? एका गेटवर दहा जागा असतील आणि अकरावा माणूस आला, तर तिथे चुरस होणारच. पण देश म्हणजे एक गेट नव्हे. कमावणारी बाई खर्चही करते. मुलाची फी, चपला, घराचा पत्रा, आजारपणातलं औषध. त्यातून दुसऱ्याला काम मिळतं. ती पाळणाघरात मूल ठेवते, तिथे आणखी एका बाईला पगार मिळतो. अर्थात नवी कामं उभीच राहिली नाहीत, तर नुसते अडसर काढून भागणार नाही, हेही तितकंच खरं.

श्रोते हो, शेवटी थोडं घरचं सांगतो. माझं बालपण गोवंडीतच गेलं. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा हिशेबात कितीतरी हुशार होती. वाण्याची वही ती तोंडी तपासायची आणि चूक काढायची. मला त्रैराशिक तिने शिकवलं. आमच्या गल्लीत पाणी साडेअकराला यायचं आणि शाळा बाराची. आई कामावर. पाण्याला थांबायचं कुणी? मी मुलगा, मी शाळेत गेलो. ताई सातवीनंतर नळावर उभी राहिली. कुणी तिच्यावर जुलूम केला नाही, कुणी वाईट वागलं नाही. फक्त पाणी साडेअकराला यायचं.

मी प्राध्यापक झालो. माझा पगार इतकी वर्षं राष्ट्रीय उत्पन्नात धरला गेला. ताईने पन्नास वर्षं पाणी भरलं, स्वयंपाक केला, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, राख्यांना गोंडे लावले. तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, ‘‘मी काय, घरीच असते.’’ माझ्या जागी ती शिकवायला उभी राहिली असती, तर विद्यार्थ्यांचं निश्चित जास्त भलं झालं असतं. हे मी विनयाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो.

ताईने हट्टाने मुलीला बी.कॉम. केलं. भाची एका कचेरीत हिशेब ठेवायची. मूल झालं, घराजवळ परवडणारं पाळणाघर नाही, ताईचे गुडघे चालत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली. अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी दरी दिसते, तिचा बराचसा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो, असं त्यांनी दाखवलं. ते वाचताना मला भाची दिसत होती.

त्या ओढणीवाल्या बाईकडे आम्ही त्या दिवशी पुन्हा गेलो होतो. प्रश्न बदलून विचारला, ‘‘गेल्या आठवड्यात तुमच्या हातून काय काय काम झालं?’’ तिने सुई खाली ठेवली आणि बोटं मोजायला लागली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग ती स्वतःच हसली. म्हणाली, ‘‘एवढं होतं होय!’’

विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारला तर निदान मोजणी सुधारते. बाकीचं काम त्यापुढचं आहे. ताईच्या वेळी पाणी आडवं आलं, भाचीच्या वेळी पाळणाघर. भाचीची मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि आत्तापासून जिन्याच्या पायऱ्या मोजते. तिच्या वेळी काही आडवं येऊ नये, यासाठी आपल्या हातात अजून पंधरा-वीस वर्षं आहेत.